महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंत: पंढरपूरच्या देवळाचा इतिहास

भीमाकाठ (धागाकर्ता)

पंढरपूरहून आलेल्या कुणालाही "दर्शन कसं झालं?" असं विचारलं की आधी रांगेची हकिकत येते. दर्शनबारीत किती तास गेले, पत्राशेडपर्यंत रांग होती का, पायावर डोकं टेकवायला मिळालं का. त्यात गैर काही नाही, त्यासाठीच तर जातो आपण. पण या देवळाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर सुरुवात महाद्वारापासून करावी, असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटतंय. म्हणून हा धागा.

महाद्वार पूर्वेला, नदीच्या अंगाला. चंद्रभागेत स्नान, वाळवंटात पुंडलिकाचं दर्शन, मग घाट चढून महाद्वार, हा वारकऱ्यांचा जुना क्रम. दारातली पहिली पायरी नामदेवांची. देवाला भेटायला येणाऱ्या संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून त्यांनी ही जागा मागून घेतली, असं परंपरा सांगते. शके १२७२ (इ. स. १३५०) च्या आषाढ वद्य त्रयोदशीला कुटुंबासह त्यांनी इथे समाधी घेतली. आज त्या पायरीवर पितळी पत्रा आहे, नामदेवांचा मुखवटा आहे, आणि कुणी तिच्यावर पाय ठेवत नाही. त्यांनी धूळ मागितली होती, लोक तिथे डोकं ठेवतात.

पायरीच्या समोर, काही पावलांवर, चोखोबांची समाधी आहे. १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधण्याच्या वेठीच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले. नामदेव तिथे गेले. ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून पाहिली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती गोळा केली आणि पंढरीला आणून महाद्वारासमोर पुरली. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण जागा नीट बघा. ज्याला जिवंतपणी दाराच्या आत येऊ दिलं नाही, त्याला नामदेवांनी दारासमोर कायमचं ठिकाण मिळवून दिलं. पुढे सहाशे वर्षं त्याच ठिकाणाची वेस झाली. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांनी चोखोबांच्या समाधीपर्यंत यायचं, तिथून कळसाला हात जोडायचे आणि मागे फिरायचं.

आता देवळातल्या दगडांकडे येऊ. १२३७ साली होयसळ राजा वीर सोमेश्वर याने भीमेच्या काठी मुक्काम असताना विठ्ठलाच्या पूजाअर्चेसाठी एक गाव दान दिलं, तसा लेख देवळात आहे. त्यात गावाचं नाव पंडरगे असं येतं आणि पुंडलिकाचा उल्लेखही आहे. म्हणजे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या आधीच हे क्षेत्र एवढं नावाजलेलं होतं की दक्षिणेतल्या राजाला इथे दान द्यावंसं वाटलं.

दुसरा लेख मला जास्त जवळचा वाटतो. त्याला चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणतात. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ अशी चार वर्षं देणग्या येत गेल्या आणि दगडावर कोरल्या गेल्या. रामचंद्रदेव यादव आणि त्याचा मंत्री हेमाद्री यांची नावं त्यात आहेत. पण त्यांच्याबरोबर भक्तांची नावं आणि त्यांनी दिलेला पैकाही आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत देवाची पूजा चालावी म्हणून दिलेला पैका. मराठीतला फार जुना मजकूर म्हणून भाषेचे अभ्यासक तो वाचतात. आणि भाविकांनी त्याचं काय केलं? या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रुजली आणि पिढ्यान् पिढ्या लोकांनी पाठी घासल्या. अक्षरं झिजली, दगड गुळगुळीत झाला. इतिहासाचं नुकसान झालं हे खरंच. तरी ज्या दगडावर भक्तांची नावं आहेत त्यालाच नंतरच्या भक्तांनी पाठ टेकवली, हे मला फार मोठं वाटतं.

या दोन्ही गोष्टी मला एकत्र बघाव्याशा वाटतात. हे देऊळ राजांच्या दानावर उभं राहिलं तितकंच सामान्य माणसांच्या पैक्यावर आणि पायांवर मोठं झालं. तरीही ते सगळ्यांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं. त्याआधी काही महिने साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून गावोगावची देवळं, विहिरी खुल्या करायला लावल्या. मग १ मेपासून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. बसायला जागा मिळेना, तेव्हा तनपुरे महाराजांनी आपल्या मठात जागा दिली. गांधीजींनाही हे उपोषण पटलं नव्हतं. गुरुजी मागे हटले नाहीत. दहाव्या दिवशी, बडव्यांनी, म्हणजे पिढीजात हक्कानं देवळाचा कारभार बघणाऱ्यांनी, मंदिरप्रवेश मान्य केल्यावर, उपोषण सुटलं.

माझं म्हणणं एवढंच की विठ्ठल मंदिराचा इतिहास म्हणजे पायरीपासून गाभाऱ्यापर्यंतच्या त्या थोड्या अंतराचा इतिहास आहे. ते अंतर कुणी किती वर्षांत कापलं, हे पाहिल्याशिवाय या क्षेत्राचं माहात्म्य पुरतं कळत नाही. तुम्हाला काय वाटतं? कुणाकडे आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

ओवी

सुंदर लिहिलंय! चौऱ्याऐंशीच्या दगडाबद्दल आजीकडून ऐकलं होतं, पण त्यावर देणगीदारांची नावं आहेत हे माहीत नव्हतं. धागा वाचनखुणांत ठेवला आहे. अजून येऊ द्या.

मंगळवेढेकर

आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लिहितो. मंगळवेढा आणि पंढरपूर यांत जेमतेम पंचवीस किलोमीटरचं अंतर, पण देवळाच्या इतिहासात आमच्या गावाचे तीन धागे आहेत आणि तिन्ही तुमच्या मुद्द्याला लागून आहेत.

चोखोबांचं तुम्ही लिहिलंच. दुसरी कान्होपात्रा. गणिकेच्या पोटी जन्मलेली. बिदरच्या बादशहाने तिला न्यायला माणसं पाठवली तेव्हा ती विठ्ठलाच्या पायाशी आली आणि तिथेच तिने प्राण सोडला. तिला देवळाच्या आवारातच पुरलं, तिथे तरटीचं झाड उगवलं. आजही ते झाड दाखवतात आणि लोक त्याच्या पाया पडतात. आता विचार करा, गणिकेच्या मुलीला देवळाच्या आत समाधी मिळाली आणि चोखोबाला बाहेर. कान्होपात्रेबद्दल काही कमी म्हणायचं नाही, तिची भक्ती तशीच होती. पण जातीची भिंत किती उंच होती ते या दोन समाध्यांवरून कळतं.

तिसरे दामाजीपंत. दुष्काळात सरकारी कोठारातलं धान्य लोकांना वाटलं म्हणून बादशहाने त्यांना बोलावणं धाडलं आणि देवाने बिदरच्या दरबारात जाऊन त्या धान्याची रक्कम भरली. कुठल्या रूपात गेला देव? विठू महाराच्या. काठी, घोंगडी, जोहार करत. आमच्याकडे कीर्तनात हा प्रसंग आला की म्हातारी माणसं अजून डोळे पुसतात. ज्या समाजाला देवाच्या दारात उभं केलं नाही, त्याच समाजाचं रूप देवाने घेतलं, असं सांगणारी गोष्ट त्याच काळात लोकांनी जपली. पुढे सगळं बदललं, त्याचं बी या कथेत होतं असं मी मानतो.

तुळशीमाळ

राम कृष्ण हरी. भीमाकाठ माउली, लेख अभ्यासपूर्ण आहे. पण वारकरी म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते.

आमच्या घरात वारी पिढ्यांपासून आहे. आषाढीला पंढरीत लाखो लोक येतात. त्यातले गाभाऱ्यात किती जातात? फार थोडे. बाकीचे चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा करतात, नामदेव पायरीला डोकं टेकवतात, कळसाचं दर्शन घेतात आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन घरची वाट धरतात. त्यांची वारी पूर्णच होते. माझ्या वडिलांनी कित्येक आषाढ्यांना गाभारा पाहिलाच नाही आणि त्याची त्यांना कधी खंत नव्हती. कळस दिसला की देव भेटला. नामदेव स्वतः पायरीशी राहिले ते याच भावनेनं. त्यामुळे आत-बाहेर या मोजपट्टीनं पंढरी मोजू नये असं वाटतं. वारकऱ्यांनी वाळवंटात जातिभेद मोडला, एकमेकांच्या पाया पडण्याची रीत घातली. चोखोबांचे अभंग आम्ही फडावर ज्ञानोबा-तुकोबांच्या बरोबरीनं म्हणतो. हा इतिहासही मोठा आहे.

भीमाकाठ

तुळशीमाळ, तुमचा प्रतिसाद मनाला भिडला. कळसदर्शनाचा मुद्दा लेखात यायलाच हवा होता, तुम्ही तो माझ्यापेक्षा चांगला मांडलात. वाळवंटाचं म्हणाल तर ते पूर्ण मान्य. मराठी समाजात सगळ्या जातींची माणसं एकत्र उभी राहून नाचली, ती पहिल्यांदा त्या वाळूत.

तरी एक फरक ठेवायला हवा. तुमच्या वडिलांनी कळसाला हात जोडले ते रांग मोठी होती म्हणून, किंवा त्यांना तेवढं पुरेसं वाटलं म्हणून. मनात आलं असतं तर माघीला जाऊन ते पायावर डोकं ठेवू शकत होते. चोखोबांना ती मुभा नव्हती. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, हे ज्याला देवासमोर ओरडून सांगावं लागलं, त्याच्या कळसदर्शनात आणि आपल्या कळसदर्शनात अंतर आहे. कथा सांगते की बडव्यांच्या त्रासामुळे चोखोबा नदीपलीकडे राहायला गेले आणि तिथे त्यांनी देवासाठी दीपमाळ उभारली. नदीच्या पलीकडून दिवा लावणारा माणूस बाहेर समाधानी होता, असं म्हणायला माझं मन धजत नाही.

सीमाभाग

मी बेळगावचा. होयसळ राजाचा उल्लेख आला म्हणून बरं वाटलं, कारण पंढरपूर म्हणजे फक्त महाराष्ट्राचं दैवत असं पुष्कळांना वाटतं. ज्ञानेश्वरांनीच त्याला कानडा म्हटलंय, कर्नाटकु म्हटलंय. आमच्याकडून कन्नड बोलणाऱ्या दिंड्या आजही येतात. कन्नड हरिदासांची सगळी परंपरा विठ्ठलावर आहे. पुरंदरदासांच्या पदांतली नाममुद्राच 'पुरंदर विठ्ठल'. सोळखांबी मंडपात चांदीनं मढवलेला जो गरुडखांब आहे, दर्शनाला जाताना ज्याला मिठी मारतात, त्याचा संबंध आमच्याकडचे भाविक पुरंदरदासांशी लावतात. मराठी माणूस गरुडखांब म्हणून मिठी मारतो, कन्नड माणूस दासांची आठवण म्हणून. खांब तोच.

दुसरा दुवा हंपीचा. विजयनगरच्या राजाने मूर्ती हंपीला नेली आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी, ती परत आणली ही कथा प्रसिद्ध आहे. राजा म्हणून कृष्णदेवरायाचं नाव घेतात. हंपीतलं विठ्ठलमंदिर, ज्याच्यापुढे तो दगडी रथ आहे, पाहिलंत तर त्याचा गाभारा रिकामा आहे. रिकामा गाभारा बघून मराठी प्रवासी हमखास भानुदासांचं नाव काढतात. इतिहासकार या कथेबद्दल वेगवेगळी मतं देतात, पण दोन भाषांच्या लोकांनी एकाच देवावर हक्क सांगितला हे त्या कथेतून दिसतंच.

चिकित्सक

चांगली चर्चा. मूळ दैवताबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो.

विठ्ठल हा मुळात कोण, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. गाईंच्या रक्षणात मेलेल्या वीराचा वीरगळ, म्हणजे स्मारकाचा दगड, त्याचा पुढे देव झाला, हे एक मत. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी धनगर-गवळ्यांच्या विठ्ठल-बीरप्पाशी नातं जोडून दाखवलं. ते मला सर्वांत पटतं, कारण आजही धनगरांच्या ओव्यांत विठोबा आणि बिरोबा भाऊ म्हणून येतात. पंढरपूरची मूळ मूर्ती म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याच्या देवळातली मूर्ती, हे ढेऱ्यांचं मतही गाजलं. त्या मूर्तीच्या छातीवर अक्षरं कोरलेली आहेत आणि संतांच्या वर्णनांशी ती जुळतात असा त्यांचा आधार होता. जैनांचाही दावा आहे. बौद्ध असल्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली देहूरोडच्या भाषणात सांगितलं. जुन्या पंचांगांवर आणि देवळांवर दशावतारांत बुद्धाच्या जागी विठ्ठल दिसतो. संतांनीही त्याला मौन धरून उभा असलेला बौद्ध अवतार म्हटलंय. शिवाय मूर्तीच्या मस्तकावर शिवलिंग आहे असं वारकरी मानतात. नरहरी सोनारांची डोळे बांधून करगोटा करण्याची कथा याच हरिहर ऐक्याची. आणि एवढं सगळं असूनही मूर्ती किती साधी आहे ते बघा. हातात शस्त्र नाही. कमरेवर हात, त्यात शंख आणि कमळाचा देठ, पाय जुळलेले, खाली वीट.

मुद्दा असा की प्रत्येक समाजाला हा देव आपला वाटला. म्हणूनच प्रवेशाचा प्रश्न इथे इतका तीव्र झाला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. त्यानंतर बाबासाहेबांनी देवळांचा नाद सोडला. १९४७ चं पंढरपूर त्या पार्श्वभूमीवर पाहिलं पाहिजे. कित्येकांच्या दृष्टीनं तोवर उशीर झाला होता.

भीमाकाठ

'उशीर झाला होता' हे पटतं. साने गुरुजींचं मोठेपण त्यानं कमी होत नाही, पण ते उपोषण सवर्णांच्या मनाला हात घालण्यासाठी होतं हे लक्षात ठेवायला हवं. गुरुजी स्वतःही तेच म्हणत. काही सनातनी मंडळींनी दार उघडण्याआधी मूर्तीतलं तेज घागरीत काढून घेतलं अशी हकिकत सांगतात. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. ज्या देवानं विठू महाराचं रूप घेतलं म्हणून आपण कीर्तनात सांगतो, त्याचं तेज कुणाच्या स्पर्शानं जाईल?

समचरण

आमच्या नात्यातले लोक देवळात सेवेला होते, त्यामुळे रोजच्या उपचारांबद्दल थोडं लिहिते. धागा जरा वेगळ्या वाटेनं जाईल, पण धार्मिक महत्त्व म्हणाल तर ते या उपचारांतच आहे असं मला वाटतं.

जुन्या व्यवस्थेत बडवे हे मुख्य, रुक्मिणीकडे उत्पात, आणि सात सेवाधारी घराणी. पुजारी पूजा करणार, बेणारी मंत्र म्हणणार, परिचारक स्नानाचं पाणी आणणार, हरिदास पदं म्हणणार, डिंगरे आरसा दाखवणार, दिवटे मशाल धरणार, डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहणार. पहाटे काकडा, लोणी-साखरेचा नैवेद्य, मग स्नान, पोशाख, दुपारी महानैवेद्य, संध्याकाळी धूपारती, रात्री शेजारती. एखाद्या घरातल्या मोठ्या माणसाची काळजी घ्यावी तसा दिवस असतो देवाचा.

आषाढी जवळ आली की देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद. चोवीस तास दर्शन, मग देव झोपणार कधी? उभं राहून थकू नये म्हणून पाठीशी लोड देतात. लहानपणी हे ऐकलं तेव्हा मला देवाची फार काळजी वाटली होती. यात्रा सरली की प्रक्षाळ पूजा. लिंबू आणि साखर लावून अंग चोळतात, गरम पाण्यानं स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून. त्या रात्री काढा दाखवतात, पलंग परत आणतात आणि देव झोपतो. लाखो माणसं भेटून गेल्यावर देवालाही थकवा येतो, हे ज्यांच्या मनात आलं त्यांची भक्ती केवढी जवळची असेल!

आणि पदस्पर्श. मोठ्या देवस्थानांत सामान्य भाविकाला गाभाऱ्यात जाऊन मूर्तीच्या पायावर डोकं ठेवता येतं, असं फार कमी ठिकाणी असेल. भीमाकाठ यांचा मुद्दा मी इथून बघते. पायावर डोकं ठेवायची रीत होती म्हणूनच 'कुणाचं डोकं' हा प्रश्न आला. लांबून दर्शनाची पद्धत असती तर कदाचित एवढा विरोध झालाच नसता.

ओवी

समचरणताई, किती छान! पण मग बडव्यांची व्यवस्था बदलली कशी?

समचरण

भाविकांच्या तक्रारी फार जुन्या होत्या, बडव्यांबद्दल तर संतांच्या अभंगांतही आहेत. सरकारनं नाडकर्णी आयोग नेमला, त्याच्या अहवालानंतर १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा आला. वंशपरंपरागत हक्क संपवणारा. त्याविरुद्ध दावे सुरू झाले. १९८५ पासून मंदिर समितीकडे कारभार आला, तरी हक्काचा वाद चालूच होता. शेवटी जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि बडवे-उत्पातांचे हक्क संपले. त्याच वर्षी समितीनं पुजारी म्हणून सर्व जातींच्या उमेदवारांकडून, स्त्रियांकडूनही, अर्ज मागवले.

आमच्या घरात यावर दोन मतं होती. ज्यांचं आयुष्य त्या सेवेत गेलं त्यांना तुटल्यासारखं वाटलं, आणि ते दुःख खोटं नव्हतं. संकटकाळी मूर्ती वाचवली तीही याच घराण्यांनी. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी इथून जवळच ब्रह्मपुरीला होती, तेव्हा मूर्ती देगावच्या पाटलांकडे लपवून ठेवली होती असं सांगतात. पण देवाची सेवा जन्मावर ठरावी का, या प्रश्नाला मला स्वतःला 'हो' म्हणता आलं नाही.

मंगळवेढेकर

समचरणताई, हे लिहायला धैर्य लागतं. नमस्कार.

पुजाऱ्यांचा विषय निघाला म्हणून एक भर घालतो. वाळवंटात पुंडलिकाचं जे देऊळ आहे तिथली पूजा परंपरेनं कोळी समाजाकडे आहे. म्हणजे ज्या भक्तासाठी देव विटेवर उभा राहिला त्याची सेवा नदीवर जगणाऱ्या लोकांकडे. विठ्ठलाआधी पुंडलिकाच्या पाया पडायचं, हा वारीचा क्रम. पावसाळ्यात भीमेला पूर आला की ते देऊळ पाण्यात असतं, मग लोक घाटावरूनच हात जोडतात.

सातासमुद्र

मी सध्या देशाबाहेर असते. डिसेंबरात मुलांना घेऊन येणार आहे आणि पंढरपूर दाखवायचं आहे. मुलं दहा-बारा वर्षांची आहेत, प्रश्न खूप विचारतात. नुसतं रांगेतून नेऊन आणायचं नाही. काय काय दाखवू? आणि २०२४ मध्ये देवळात काम झालं, त्यानंतर काय बदललंय?

भीमाकाठ

डिसेंबर चांगला. कार्तिकीची गर्दी ओसरलेली असते. मार्गशीर्ष चालू असेल तर विष्णुपदावर जरूर जा, नदीच्या पात्रातलं ठिकाण आहे. त्या महिन्यात देव तिथे मुक्कामाला असतो अशी श्रद्धा आहे आणि गावातले लोक तिथे वनभोजनाला जातात. मुलांना ते आवडेल. तिथून गोपाळपूरही जवळ आहे.

देवळात जाताना सकाळी आधी वाळवंटात उतरा. नदी इथे चंद्रकोरीसारखी वळते, ते घाटावरून दाखवा. पुंडलिकाची गोष्ट तिथेच सांगा, आईवडिलांची सेवा चालू आहे म्हणून देवाला थांबायला वीट फेकणारा मुलगा. मग महाद्वार. नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी या दोन्हींच्या मध्ये मुलांना उभं करा. दोन्ही एका नजरेत येतात. १९४७ ची गोष्ट तिथे सांगितली तर त्यांना ती डोळ्यांनी कळेल.

आत गेल्यावर सोळखांबी, गरुडखांब, चौखांबी, मग गाभारा. रुक्मिणीचं देऊळ मागे वेगळं आहे. ती रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत आला, म्हणून वेगळं. तिथे जाताना तरटीचं झाड चुकवू नका.

२०२४ च्या कामाबद्दल: मार्च ते मे पदस्पर्श दर्शन बंद ठेवून जतनाचं काम झालं. नंतरच्या काळात बसवलेल्या फरश्या, रंगाचे थर काढले, गाभाऱ्यातली चांदी उतरवली आणि मूळ काळा दगड मोकळा केला. ज्यांनी देऊळ आधी पाहिलंय त्यांना फरक लगेच जाणवतो. कोरीवकाम आता दिसतं. त्याच कामात, मेच्या अखेरीस, हनुमान दरवाजाजवळ फरशीखाली एक तळघर लागलं आणि त्यात जुन्या मूर्ती, पादुका, नाणी मिळाली. मुलांना ही गोष्ट नक्की सांगा.

तुळशीमाळ

ताई, पहाटे काकड्याला नेलंत तर फार बरं. मुलं लवकर उठणार नाहीत म्हणतील, तरी उठवा. त्या वेळी गर्दी कमी आणि हरिपाठ, पदं नीट ऐकू येतात.

आणि भीमाकाठ माउली, तुमच्या उत्तरावर दोन दिवस विचार केला. आमच्या दिंडीत चोखोबांच्या समाधीपाशी थांबून अभंग म्हणायची पद्धत आहे, मी ते नेहमी करत आलो. ती जागा किती लोकांसाठी शेवटची होती, हा विचार मात्र कधी मनात आला नव्हता. येत्या माघीला दिंडीतल्या पोरांना तिथेच थांबवून हे सगळं सांगणार आहे. तुमचा लेख छापून नेला तर चालेल का?

भीमाकाठ

अवश्य न्या माउली. मंगळवेढेकर आणि समचरणताईंचे प्रतिसादही सोबत घ्या, त्यांची हरकत नसेल तर.

मंगळवेढेकर

माझी काहीच हरकत नाही. आणि दिंडी आमच्या बाजूनं आली तर मंगळवेढ्यात थांबा. चोखोबांचं स्मारक आहे, दामाजीपंतांचं देऊळ आहे. मुक्कामाची, जेवणाची सोय आम्ही करू.

समचरण

माझीही हरकत नाही. फक्त पदस्पर्शाबद्दल लिहिलंय तो भाग जरूर ठेवा.